टाकीतली तपकिरी बटणं

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. घरी ४० गॅलनची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. गाव सोडून जाणाऱ्या एका गृहस्थांकडून आम्ही उन्हाळ्यात जिवंत खडक, म्हणजे समुद्री जीव चिकटलेला दगड, घेतला. त्यावर आता शर्टाच्या बटणाएवढी तीसेक तपकिरी तोंडं उघडतात. कडेला बारीक झालर आहे आणि धक्का लागला की ती मिटतात. कुणी ‘मश्रूम’ म्हणतं, कुणी ‘एप्टेशिया’. नवऱ्याचा मित्र म्हणाला, दगड बाहेर काढून उकळतं पाणी ओता, सगळं मरेल. दोन फोटो सोबत आहेत, एक निळ्या दिव्यातला, एक पांढऱ्या. हे कोणतं पोवळं? त्याची जात सांगाल का? माझा ७ वर्षांचा मुलगाही टाकीत हात घालतो.

उत्तर : जातीचं नंतर पाहू. आधी एवढं ऐका : उकळतं पाणी ओतू नका. तो दगड मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, ब्रशने घासू नका, सुरीने खरवडू नका. का, ते ओळख पटली की कळेल.

निळ्या दिव्यातला फोटो मी बाजूला ठेवला. त्या उजेडात पुष्कळ पोवळी चकाकतात आणि रंगावरून ओळखायला गेलं की हमखास चुकतं. पांढऱ्या उजेडातल्या फोटोत तीन गोष्टी स्वच्छ दिसतात. झालर फक्त चकतीच्या कडेला आहे आणि स्पर्शिकांच्या, म्हणजे बोटांसारख्या बारीक तंतूंच्या, दोन रांगा आहेत. सगळी बटणं बुडाशी एका जाड सायीने जोडलेली आहेत. आणि मिटलेल्या बटणांचं अंग खरखरीत दिसतं, जणू वाळूत लोळवलंय.

एप्टेशिया हे एक समुद्रफूल. तो सुटा उभा राहतो, त्याच्या स्पर्शिका लांब आणि टोकदार असतात. मश्रूम म्हणजे अळंबीसारखं दिसणारं पोवळं, त्याला अशी कडेची झालर नसते. मऊ पोवळं म्हणावं तर त्याच्या प्रत्येक तोंडाला आठच स्पर्शिका असतात, त्याही पिसासारख्या. दगडी पोवळ्याला चुन्याचा सांगाडा असतो, तुमच्याकडे तो कुठेच दिसत नाही. उरतो झोअँथिड. हा पोवळ्यांचा आणि समुद्रफुलांचा भाऊबंद. त्यातही अंगात वाळूचे कण मुरवून घेणारा म्हणजे पॅलिथोआ. झोअँथस ही त्याची भावकी अंगात वाळू घेत नाही.

हा जीव मला नवा नाही. मी रत्नागिरीला प्राणिशास्त्र शिकवत असे. अमावास्येच्या ओहोटीला मुलांना कातळावर नेलं की खळग्यांच्या काठाने झोअँथिडांची अशीच चटई दिसायची, उन्हात मिटून बसलेली. ‘मॅडम, हे शेवाळ का?’ हा प्रश्न दरवर्षी यायचा. हवाईतही तीच गफलत झाली होती. मावी बेटावरच्या हाना भागातलं एक विषारी ‘शेवाळ’ तिथले लोक भाल्याच्या टोकाला लावत, असं सांगतात. १९७१ साली मूर आणि शॉयर या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातलं विष वेगळं काढलं. ते शेवाळ नव्हतंच, पॅलिथोआ होता. विषाचं नाव पडलं पॅलिटॉक्सिन.

आपल्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर काढून पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. हे विष त्या पंपाचं सताड उघडं भोक करून टाकतं. उकळत्या पाण्याने ते नाहीसं होत नाही. उलट वाफेबरोबर त्याचे तुषार नाकातोंडात जातात. टाकीतला खडक उकळून किंवा घासून घरातली माणसं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी अमेरिकेतही आहेत. २०१८ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या स्टीव्हन्टन गावात टाकी साफ करताना एका कुटुंबावर हीच वेळ आली.

आता जात. ती मी सांगणार नाही, कारण फोटोवरून प्रामाणिकपणे ती सांगता येत नाही. पॅलिथोआच्या जाती वेगळ्या करायला शरीराचे पातळ छेद आणि डीएनए तपासावा लागतो. सगळे पॅलिथोआ सारखे विषारी नसतात हे खरं, पण कोणता किती, ते रंगावरून कळत नाही. म्हणून तुमचा विषारी आहे असं धरूनच वागा.

तो मारायची गरज नाही. पाण्यात, न दुखावता राहिला तर राहू द्या. फक्त तो खडक बाकीच्यांपासून दूर, मोकळ्या वाळूवर ठेवा, म्हणजे ती साय शेजारच्या दगडावर चढणार नाही. हलवताना लांब हातमोजे आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच. बोटाला कापलं असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नका. काम झाल्यावर तोंडात कडू, धातूसारखी चव आली, खोकला, धाप, थंडीताप किंवा डोळ्यांत आग झाली, तर वाट पाहू नका. रुग्णालयात जा आणि ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द स्वतःहून सांगा. पुष्कळ डॉक्टरांनी हा रुग्ण कधी पाहिलेला नसतो.

इकडच्या वाचकांसाठी थोडं : दगडी पोवळी आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडासुद्धा उचलू नका.

मुलाचा हात टाकीबाहेर, हे आजपासून. त्याच्या हातात भिंग द्या आणि काचेबाहेरून एकाच बटणाच्या स्पर्शिका मोजायला सांगा, दोन्ही रांगांच्या. आकडा मला कळवा, मला तो खरंच हवा आहे.