अमेरिकेत मवाळ उपाध्यक्षपदाचा उमेदवार घेतला तर मध्यममार्गी मतं वळतात का?

फारशी नाही, लोक मत देतात ते वरच्या नावाकडे बघून, आणि आपलेच समर्थक बिथरण्याचा धोका वेगळाच. १९७६ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी, राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाआधीच, पेनसिल्व्हेनियाचे उदारमतवादी सिनेटर रिचर्ड श्वायकर यांचं नाव उपाध्यक्षपदासाठी जाहीर केलं. पेनसिल्व्हेनियाचे अधिवेशनातले प्रतिनिधी काही फारसे फुटून रेगन यांच्याकडे आले नाहीत, उलट कट्टर मंडळी भडकली आणि मिसिसिपी राज्याचं शिष्टमंडळ प्रतिस्पर्धी, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याकडे झुकलं. फोर्ड ११८७ विरुद्ध १०७० मतांनी उमेदवार झाले. पण वेळ साधली तर अशी निवड पक्ष सांधायला उपयोगी पडते: १९८० मध्ये उमेदवारी खिशात आल्यावरच रेगन यांनी प्रतिस्पर्धी, मवाळ जॉर्ज बुश यांना सोबत घेतलं आणि फारशी कुरकुर न होता ते खपून गेलं.