गोव्यात जमीन घेऊन समविचारी कुटुंबांची वस्ती करायची आहे. गावाशी नातं कसं जोडावं?

तुम्ही लिहिलंय की आठ कुटुंबं मिळून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात ‘मोकळी जमीन’ शोधताय, झाडं राखून एकत्र राहायचंय आणि गावकऱ्यांनाही दुखवायचं नाहीये. मी सत्तरीचाच, घरचं कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, सांभाळतो. मला खटकला तो ‘मोकळी’ हा शब्द.

गुरं कुठे चरतात, पहिल्या पावसानंतर अळमी (रानातली अळंबी) कुठल्या वारुळावर येतात, कुठलं रान देवाची राय म्हणून कोणी तोडत नाही, यातलं काहीच जमिनीच्या सरकारी नोंदीच्या, म्हणजे एक-चौदाच्या, उताऱ्यावर सापडत नाही. उतारा बघाच, कुळाचं नाव आहे का तेही बघा. कूळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कुळाला मालक मानलंय, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे, आणि भातशेत शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आलेत. सत्तरीत तर मोकाशांच्या (जुन्या इनामदारांच्या) जमिनींचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चाललेत, कसणारा एक आणि कागदावर नाव भलत्याचंच. इथलाच वकील धरा.

पण कागद चोख असूनही बिघडतं. आमच्या वरच्या डोंगरावर काही वर्षांपूर्वी एक गट आला. माणसं चांगली, मातीची घरं बांधली, प्लास्टिक वर्ज्य. मात्र सगळ्यात आधी त्यांनी कुंपण घातलं आणि झरीवर जायची वाट बंद झाली. मग बोअरवेल मारली. उन्हाळ्यात आमच्याकडे झरीचं पाणी पाळीपाळीने पोफळींना सोडतात. त्या एप्रिलात पाटाला धारच राहिली नाही. बोअरमुळेच आटलं असं सिद्ध कोणी केलं नाही, पण खणण्याआधी त्यांनी खालच्या एकाही घरी विचारलं नव्हतं. त्याचा राग अजून आहे, माझ्याही मनात.

एकत्र राहणं गोव्याला नवीन नाही. गावाने मिळून जमीन धरायची आणि तिच्या उत्पन्नातून बांध दुरुस्त करायचे, ही गावकारीची रीत पोर्तुगीजांच्या आधीची. १५२६ च्या फोरालात, म्हणजे त्या रीतींच्या सनदेत, त्यांनी ती नुसती लिहून घेतली. तेव्हा शिकवायला येऊ नका.

आधी गावात घर भाड्याने घ्या आणि एक अख्खा पावसाळा नि त्यानंतरचा मे काढा. शिमग्याला मांडावर, गावाच्या उत्सवाच्या जागी, जा, लांब उभे राहा, बोलावलं की पुढे व्हा. गाव राखणारा देव, राखणदार, कुठला, त्याला कधी काय देतात, हे म्हाताऱ्यांना विचारा. तांदूळ, नारळ गावातूनच घ्या, आणि पोरांना गावच्याच मराठी शाळेत घाला (पट कमी म्हणून शाळा बंद पडताहेत, हा आमचा स्वार्थ).

मग जमीन पसंत पडली तर सौद्याआधी खालच्या घरांना घेऊन ती चाला. वाट कुठून जाते, पाणी कुठून उतरतं, ते त्यांच्याकडून नकाशावर काढून घ्या आणि खरेदीखतात लिहा. मेच्या शेवटी आलात तर आमची झर दाखवीन, तेव्हा तिच्यात किती पाणी उरतं ते डोळ्यांनी बघा.