मुळाक्षरांवरून जगातले पदार्थ: 'ळ' ला काय करायचं?

'क ते ज्ञ प्रत्येक अक्षरावरून जगभरातला एकेक पदार्थ सांगता येईल का?' जवळजवळ. सुरुवात सोपी: क ला कोरियाची किमची, ख ला जॉर्जियाची खाचापुरी (चीज भरलेली रोटी; एका प्रकारात ती होडीसारखी वळून मध्ये अंडं फोडतात), ट ला इंडोनेशियाचं टेंपे, म्हणजे बुरशी लावून आंबवलेल्या सोयाबीनची वडी.

स्वर घेतलेत तर इ ला इथिओपियाचा इंजेरा. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेली ही जाळीदार, आंबट पोळी. आपल्या आंबोळीची लांबची बहीणच. त्यावरच भाज्या वाढतात, म्हणजे ताटही खाऊनच संपवायचं!

ब ला मात्र बटाटाच घ्या. शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा, तोही रताळ्यासाठी. स्पॅनिश-पोर्तुगीजांबरोबर तो जगभर फिरला. पोर्तुगालमध्ये आजही बटाट्याला 'बताता' म्हणतात. हिंदीवाले आलूवर गेले, आपण मात्र बटाट्याला चिकटून.

घ, ठ, ढ, भ ला परदेशात फारसं काही सापडत नाही, तिथे घरचंच बरं: घावन, ठेचा, ढोकळा, भाकरी. क्ष ला क्षीर.

ण आणि ळ ने मराठी शब्द सुरूच होत नाही. आमच्याकडे नियम असा, की या दोघांना शेवटचं अक्षर चालतं. मग पुरण, लसूण, गूळ, नारळ सगळं चालतं; फुटाणे मात्र नाही, कारण शेवटी 'ण' नाही, 'णे' येतो. ज्ञ आला की आम्ही सरळ जेवायला बसतो.