जूनची फी आणि फेब्रुवारीतली तूर

"खावटी चालू आहे. मग शाळेची फी वेगळी मागायची, की त्यातूनच भागवायची?" घटस्फोटानंतर सल्ल्यासाठी माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक आई हे विचारते. खावटी म्हणजे पोटगी. बापाचा सवाल त्याच्याच उलट बाजूचा असतो: "खावटी देतो ना, मग क्लासचे आणि खेळाचे पैसे कशाचे?"

आधी कोर्टाचा हुकूम काढून वाचा. त्यात 'शिक्षणासह' असं असेल, तर फी त्या रकमेतच धरलेली आहे. काहीच लिहिलेलं नसेल, तर भांडणाला जागा तिथेच राहते. संमतीच्या घटस्फोटात हे फार होतं, कारण त्या दिवशी दोघांनाही फक्त मोकळं व्हायचं असतं. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करावा, आणि आई पुरेसं कमावत असेल तर तो मिळकतीच्या प्रमाणात वाटता येतो. क्लास आणि इतर उपक्रमांचा खर्चही धरायचा, पण तो अवाजवी नको. त्याच निकालात शेतीवर जगणाऱ्यांसाठी मिळकतीच्या शपथपत्राचा वेगळा नमुना आहे. आमच्या भागातल्या वकिलांनी तो जरूर वापरावा.

यवतमाळकडचं एक जोडपं घेऊ. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. बापाची कोरडवाहू शेती, आईचा महिन्याचा ठरलेला पगार. दर जूनला फीवरून तंटा आणि सप्टेंबरपर्यंत अबोला. दोघंही स्वभावाबद्दलच बोलत होते: हा बेजबाबदार, ती पैशाची लोभी. स्वभाव दुरुस्त करण्याच्या फंदात मी पडत नाही. माणसापेक्षा व्यवहाराची मांडणी आधी तपासावी, या मताची मी आहे, आणि हे मत मला क्वचितच दगा देतं.

एका कागदावर बारा महिन्यांचे रकाने पाडले. वरच्या ओळीत आईने खर्च लिहिला, खालच्या ओळीत बापाने हाती येणारा पैसा. त्याने बोटं मोजत सांगितलं: दिवाळीच्या आसपास सोयाबीन, मग कापसाचे वेचे, फेब्रुवारीत तूर. जूनच्या रकान्यावर पेन थांबला. वर फी, पुस्तकं, गणवेश. खाली काहीच नाही.

"म्या नाई म्हटलं काय कधी? जूनमंधी मीच कर्जासाठी सोसायटीच्या दारात उभा रायतो. बियानं घेऊ का फी भरू?"

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. "मले तं वाटे, मुद्दामच अडवून धरते."

शेतकऱ्याच्या घरात शाळा आणि पेरणी एकाच महिन्यात उघडतात, आणि आपण त्यालाच बेफिकिरी म्हणतो. हे कळल्यावर आवाज आपोआप खाली आले.

मग हिशेब. मुलाची फी 16,000, व्हॅन 8,000, पुस्तकं-गणवेश 5,000, मुलीची शिकवणी 5,000, कबड्डीचे बूट, गुडघ्याचे पट्टे आणि स्पर्धेचा प्रवास 2,000. एकूण 36,000. मुलीचा एसटी पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत, म्हणून तो धरला नाही. लागवड आणि खावटी वजा जाता त्याच्याकडे वर्षाला 1,20,000 उरत होते, तिची कमाई 60,000. म्हणजे दोनास एक.

वाटणी टक्क्यांनी केली नाही, बाबींनी केली. महिन्याला लागणारं, म्हणजे व्हॅन आणि शिकवणी, आईकडे: दहा महिने 1,300. एकदम लागणारं बापाकडे: 23,000. तूर विकली की 15,000 मुलाच्या बँक खात्यात टाकायचे. त्यातून जूनचा फीचा पहिला हप्ता 8,000, पुस्तकं आणि कबड्डी. उरलेले 8,000 सोयाबीनच्या पैशातून नोव्हेंबरात. दोनास एक काटेकोर बसलं नाही, हजाराचा फरक राहिला. तो कोणी धरून ठेवला नाही. हप्त्यांबद्दल मुख्याध्यापकांशी मार्चमध्येच बोलून घ्यावं, जूनच्या गर्दीत कोणी ऐकत नाही.

कबड्डीला मात्र तो अडला. "नाटकं हायेत," म्हणाला. जरा खोदल्यावर बाहेर आलं: "पोरगी जिल्ह्याले खेळाले गेली, हे मले दुसऱ्याच्या स्टेटसवर दिसलं. पैशे मागाले बरा फोन येते!" दोन हजारांना त्याचा नकार नव्हताच. छंदाच्या खर्चावरचे बहुतेक वाद मी असेच सुटताना पाहिले आहेत: निर्णयात घ्या, मग पैसे मागा. सामन्याची तारीख त्याला आधी कळवायची, असं ठरलं. 500 रुपयांपर्यंतचा नवा खर्च कोणीही एकट्याने ठरवावा. त्याहून जास्त असेल तर दोघांचा होकार हवा; होकाराविना केला तर ज्याने केला त्याचा.

पैसे मुलांच्या हाती देऊ नका. बसस्टँडवर मुलीच्या मुठीत पाचशेची नोट कोंबून बाप 'फी दिली' म्हणतो, आई 'मिळाली नाही' म्हणते, आणि मधल्या मधे पोरगी खोटी पडते. थेट शाळेत भरा आणि पावतीचा फोटो त्याच दिवशी दुसऱ्याला पाठवा. प्रवेश अर्जावर दोघांचेही फोन नंबर असू द्या.

नापिकीचीही एक ओळ लिहिली. अतिवृष्टी झाली, बोंडअळी आली, तर 15 ऑक्टोबरच्या आत कळवायचं. हप्ता पुढे जाईल, माफ होणार नाही. ही ओळ नसली की पहिल्याच वाईट हंगामात सगळं मोडतं.

नुसत्या नोटरीवर थांबू नका, त्याची वसुली कोर्टाच्या हुकमासारखी होत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली संयुक्त अर्ज देऊन हे हुकमात आणता येतं. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. महिलांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो, मिळकतीची अट नाही. सोबत बारा रकान्यांचा कागद जोडा. मुलगी दहावीला गेली की आकडे बदलतील, तेव्हा दर मार्चमध्ये तो नव्याने भरायचा.