पहिल्या मोजमापाने कण बिघडतो, म्हणूनच क्वांटममधले सहसंबंध वेगळे येतात का?

तुमचं म्हणणं असं: एकाच कणाची वेगवेगळ्या वेळी केलेली मोजमापं साध्या गणितात बसत नाहीत, पण त्यात नवल काय? पहिल्या मोजमापानेच कण बिघडला असेल. ही शंका अगदी वर्मावर बोट ठेवणारी आहे. नागपुरात एमएस्सीच्या वर्गाला हा भाग शिकवताना मी याच प्रश्नाची वाट पाहते.

आधी गणित. मे महिन्यात धंतोलीतल्या एका बंद घरात कूलर आहे. चालू म्हणजे +१, बंद म्हणजे −१. बारा, दोन आणि चार वाजता तो चालू किंवा बंद असणारच, कोणी बघो वा न बघो. आता पहिली गुणिले दुसरी, अधिक दुसरी गुणिले तिसरी, वजा पहिली गुणिले तिसरी. आठही शक्यता कागदावर मांडा, खरंच मांडा. उत्तर १ येतं नाहीतर −३. म्हणजे कितीही दिवसांची सरासरी काढली तरी ती १ च्या वर जाऊच शकत नाही.

ही मर्यादा भौतिकशास्त्रज्ञ अँथनी लेगेट आणि अनुपम गर्ग यांनी १९८५ मध्ये मांडली. गृहीतं दोन: वस्तू सदैव कुठल्यातरी एकाच अवस्थेत असते, आणि तिला धक्का न लावता ती अवस्था कळू शकते. आता चुंबकीय क्षेत्रात फिरणारा स्पिन घ्या, म्हणजे कणाचा असा गुणधर्म, जो मोजला की +१ किंवा −१ च येतो. दोन वेळांमधला सहसंबंध, म्हणजे त्या दोन नोंदींच्या गुणाकाराची सरासरी, इथे दरम्यान फिरलेल्या कोनाच्या कोसाइनइतका येतो. दर टप्प्याला ६० अंश फिरू दिलं तर ०.५ + ०.५ − (−०.५), म्हणजे १.५. मर्यादा मोडली.

इथे एक गोष्ट मुलांच्या हमखास नजरेतून सुटते. वेळांच्या तिन्ही जोड्या प्रयोगाच्या वेगवेगळ्या फेऱ्यांत मोजायच्या असतात. एकाच फेरीत तिन्ही वेळा मोजलं तर हातात तीन पक्के आकडे येतात, आणि मग उत्तर १ च्या वर जाणं अशक्यच. पहिली-तिसरी जोडी घेताना मधल्या वेळी कणाकडे बघायचंच नाही. सगळं त्यावर आहे.

आता तुमची शंका. जॉन बेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगात दोन कणांमधला सहसंबंध तपासतात, आणि ते कण इतके लांब ठेवता येतात की एकाकडचा धक्का प्रकाशाच्या वेगानेही दुसऱ्यापर्यंत वेळेत पोचत नाही. इथे कण एकच, ते संरक्षण नाही. कूलर बघायला गेलेला माणूस बटणाला हात लावत असेल, तर कूलरसुद्धा ही मर्यादा मोडू शकेल! म्हणून नुसता १.५ आकडा दाखवून काहीच सिद्ध होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

यावरचा उपाय लेगेट आणि गर्ग यांनीच सुचवला होता, आणि तो मला फार आवडतो. फोटॉनपुढे, म्हणजे प्रकाशाच्या कणापुढे, दोन वाटा आहेत: एक म्हणजे +१, दुसरी म्हणजे −१. एका वाटेत अडथळा ठेवायचा. फोटॉन तरीही पलीकडे पोचला, तर तो दुसऱ्या वाटेनेच गेला असणार. म्हणजे अडथळ्याला न शिवता त्याची वाट कळली. पोचले नाहीत ते सोडून द्यायचे. मग अडथळा दुसऱ्या वाटेत ठेवून तेच पुन्हा करायचं. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत उर्बसी सिन्हा यांच्या गटाने एकेकट्या फोटॉनवर असाच प्रयोग करून २०२२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि मर्यादा तिथेही मोडली.

त्यामुळे ‘बिघडलं असेल’ हे उत्तर धरून ठेवायचं, तर फोटॉन ज्या वाटेने गेलाच नाही तिथल्या अडथळ्याने तो कसा बिघडला, हे तुम्हाला सांगावं लागेल.