वडिलांना रातकिडे ऐकू येत नाहीत, पण हॉर्न ऐकू येतो. कानात तेल घालावं का?

तेल नको. वडील ६२ वर्षांचे, थर्मामीटरची बीप आणि रातकिडे ऐकू येत नाहीत, ट्रकचा हॉर्न मात्र नीट ऐकू येतो, असं तुम्ही लिहिलंय. तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं आणि हा बिघाड बहुतेक पडद्याच्या पार पलीकडचा आहे. पडद्याला भोक असेल तर तेलानं नवीनच दुखणं मागे लागायचं.

मी इचलकरंजीत साध्या मागांवर उमेद घालवली, त्यामुळे हा प्रकार माझ्याच कानांत आहे. आतल्या कानात वेटोळ्यांचा एक शंख असतो, कॉक्लिया. त्यात साधारण १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे बारीक आवाज पकडतात, आत टोकाकडच्या जाड, घोगरे. वयानं म्हणा, गोंगाटानं म्हणा, आधी जातात त्या तोंडाकडच्या, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. (पक्ष्यांत उगवतात. कोंबडी आपल्यापेक्षा नशीबवान!)

रातकिडा ऐकू आला नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. अडतं ते बोलण्यात. अ, आ, ओ हे स्वर बरेचसे खालच्या पट्टीत असतात, पण स, श, फ, थ यांची ओळख वरच्या पट्टीत. त्यामुळे ‘साठ’चं ‘आठ’ होतं. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. त्यात पंखा, मिक्सर किंवा लग्नाचा हॉल असला की संपलंच. घरच्यांना वाटतं, म्हातारा मुद्दाम करतो. ‘तुम्हाला सोयीचं तेवढं बरं ऐकू येतं’ हे आमच्या घरात रोज चालायचं. मग मंडळी ओरडून बोलतात. ओरडलं की स्वर तेवढे मोठे होतात, हरवलेला ‘स’ हरवलेलाच राहतो, आणि अशा कानांना मोठा आवाज चटकन बोचतो. म्हणून वडिलांच्या समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोला. मागावर धोट्याच्या खडखडाटात आम्ही ओठ बघून आणि खुणांनीच बोलायचो. ती सवय इतकी पक्की होती की कान गेल्याचं बरीच वर्षं कुणाला कळलंच नाही.

ऑडिओमेट्री, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याची तपासणी, करून घ्या. मुंबईजवळ असाल तर वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या दोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे. नेहमीच्या तपासणीत २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंत ऐकवतात. वयानं गेलेल्या कानाचा आलेख उजवीकडे उतरत जातो, गोंगाटानं गेलेल्याचा बहुधा ४,००० च्या आसपास खड्डा पडतो. माझ्या आलेखात दोन्ही आहेत. काही औषधांनीही या केसपेशी जातात, म्हणून जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक्स किंवा कॅन्सरचं सिस्प्लॅटिन दिलं गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

ऐकायचं यंत्र लागलंच तर आलेखाप्रमाणे फक्त उंच पट्ट्या वाढवून देणारं घ्या. सगळंच मोठं करणारी स्वस्त यंत्रं वडील दोन दिवसांत कपाटात टाकतील. चांगलं यंत्रही सुरुवातीला नकोसं होतं. पेपर उलटला तरी कर्कश वाटतं, भांड्यांचं तर विचारूच नका. काही आठवडे वापरत राहिलं की मेंदूला सवय होते.

एकच घाई करायची वेळ: एका कानानं एकाएकी, दिवसा-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर ते वयाचं म्हणून सोडू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना गाठा, कारण त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.