दिसत नाही, आठवत नाही. मग आजींना ‘व्हीआर’ कशाला?

“आईला विसरण्याचा आजार आहे, नजरही गेलीय. तो डोळ्यांवरचा डबा लावला तर ती आणखी गोंधळेल का? आणि दिसतच नाही तर उपयोग काय?” बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली कुटुंबं ‘व्हीआर’बद्दल, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून चहूबाजूंचं दृश्य दाखवणाऱ्या यंत्राबद्दल, हा प्रश्न वारंवार विचारतात. एका आजींच्या उदाहरणावरून उत्तर सांगतो. ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत.

आजी 78 वर्षांच्या. सासर खानापूर तालुक्यातलं, मराठी. माहेर बैलहोंगलकडचं, कन्नड. डिमेन्शियाचं निदान होऊन दोन वर्षं झालेली. दिवस मावळला की अंगणात मुलं दिसायची. “मक्कळु आलीत, त्यांना जेवायला वाढ,” असं सुनेला सांगायच्या. समोर बसलेल्या मुलाशी बोलताना मान मात्र बाजूला वळवायच्या. कुणी म्हणालं बाहेरची बाधा, कुणी म्हणालं आजार वाढला. मुलाने मोबाईलवर व्हीआरचा व्हिडिओ पाहिला आणि “हे एकदा करून बघूया की” म्हणून तो त्यांना घेऊन आला.

आम्ही हेडसेट बाजूला ठेवला आणि आधी डोळ्यांचं विचारलं. शेवटची तपासणी पाच वर्षांपूर्वीची निघाली! डिमेन्शियाचं नाव लागलं की घरचे आणि कधी कधी डॉक्टरही सगळी लक्षणं त्याच खात्यात टाकतात. यात माणसाचं मोठं नुकसान होतं, म्हणून हे कळकळीने सांगतो: ताटातला भात सापडत नाही, माणूस ओळखू येत नाही, उंबऱ्याशी पाय अडतो, यातलं किती विसरण्यामुळे आणि किती नजरेमुळे, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

तपासणीत उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू निघाला. डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजलेला होता. अशा डोळ्याला समोरचा चेहरा पुसल्यासारखा दिसतो, कडेचं मात्र दिसतं. आजी मान वळवत होत्या ती दुर्लक्ष म्हणून नव्हे, मुलाला शाबूत कडेने बघण्यासाठी. हे समजल्यावर मुलगा बराच वेळ गप्प बसला.

अंगणातल्या मुलांचाही उलगडा झाला. नजर कमी झाली की मेंदू रिकाम्या जागी स्वतःची चित्रं भरतो. 1760 साली स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने यांनी आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवलं, त्यांचंच नाव या लक्षणाला आहे. ही चित्रं मुकी असतात. आजींना विचारलं तेव्हा मुलं बोलत नव्हती, फक्त उभी असत. पण एवढ्यावर थांबू नये. लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियातही माणसं दिसतात, आणि त्यात हॅलोपेरिडॉलसारखं औषध घातक ठरू शकतं. म्हणून मेंदूच्या डॉक्टरांना ‘माणसं दिसतात’ हे स्पष्ट सांगा. भास दोन-चार दिवसांत एकाएकी सुरू झाले असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम घटणं किंवा नवीन गोळी, यांपैकी काहीही कारण असू शकतं.

आजींची स्मरणचाचणी आधी चित्रं दाखवून आणि हिंदीतून झाली होती. न दिसणाऱ्या माणसाला चित्र ओळखायला लावलं, तेही मोडक्यातोडक्या येणाऱ्या भाषेत, तर गुण कमी पडणारच. ‘मोका’ चाचणीचा दृष्टिहीनांसाठीचा प्रकार आहे. त्यात चित्रांचे प्रश्न गाळून 30 ऐवजी 22 गुण धरतात. आपल्या सीमाभागात ‘कुठल्या भाषेत तपासणार?’ हे आवर्जून विचारावं.

“या वयात ऑपरेशन कशाला?” ही घरच्यांची शंका होती. डिमेन्शिया आहे म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन टळत नाही. अडचण दोनच ठिकाणी येते. टेबलावर स्थिर पडून राहता येईल का, हे भूलतज्ज्ञांशी आधी बोलावं लागतं. नंतर डोळा चोळू नये आणि थेंब वेळेवर पडावेत म्हणून कुणी तरी सतत जवळ हवं. सुनेने थेंबांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवल्या. ऑपरेशननंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत आम्ही हेडसेट बाहेर काढलाच नाही, कारण त्याचा दाब डोळ्याभोवती येतो. फिट्स, वारंवार चक्कर, मानेचा त्रास किंवा डोळा आलेला असेल तर व्हीआर नको. पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण या यंत्रांत चुंबक असतात.

पहिला प्रयत्न फसला. बेळगावातल्या एका केंद्रात आजींना गोकाकच्या धबधब्याचा व्हिडिओ लावला. ओळखीची जागा, म्हणून सगळ्यांना योग्य वाटला. आजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि पुटपुटू लागल्या, “साकु, साकु.” कानांवर हेडफोन आणि पाण्याचा गडगडाट, त्यामुळे सुनेचा धीराचा शब्द त्यांच्यापर्यंत पोचेना. मदतनीसाला ‘साकु’ म्हणजे ‘पुरे’ हे कळायला वेळ लागला. चूक चित्रीकरणातही होती. कॅमेरा कड्याच्या टोकाशी, उभ्या माणसाच्या उंचीवर. आजी बसलेल्या. त्यामुळे हवेत तरंगल्यासारखं झालं, आणि खाली पाहिलं तर स्वतःचे पाय नाहीत. घाबरणारच.

दुसऱ्यांदा मुलगा आजींच्या माहेरी गेला आणि भाड्याने आणलेल्या 360 अंशांच्या कॅमेऱ्याने विहीर, शेजारची जोंधळ्याची पट्टी आणि चिंचेचं झाड टिपून आला. आम्ही त्याला सांगितलं ते असं: कॅमेरा स्टँडवर, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला. कॅमेरा अजिबात हलवायचा नाही, कारण चित्र चालतं आणि अंग स्थिर राहतं तेव्हा मळमळ होते. मुख्य वस्तू दीड ते तीन मीटरवर. एक मीटरच्या आत आली तर कॅमेऱ्याच्या भिंगांची चित्रं जिथे जोडली जातात तिथे चित्र तुटतं. सकाळचं ऊन, चार मिनिटं, माणसं नकोत. ज्यांना आधीच भासात माणसं दिसतात त्यांच्यासमोर आणखी माणसं उभी करू नयेत.

चित्र मोठं आणि ठळक हवं, याचंही कारण आहे. हेडसेटच्या भिंगाचा मधला भाग स्वच्छ असतो, कडा धूसर. आजींचा डावा डोळा कडेनेच बघतो, म्हणजे नेमका धूसर भागातून. शिवाय मधला डाग नजरेबरोबरच फिरतो, कितीही डोकं फिरवलं तरी सुटत नाही. त्यामुळे चेहरे, पाट्या, जत्रेची गर्दी निरुपयोगी. आभाळावर उमटलेलं काळं झाड चालतं. लांबचा चष्मा असेल तर तो ठेवूनच हेडसेट लावावा. वाचायचा चष्मा इथे कामाचा नाही, कारण भिंगं नजरेला एखाद-दोन मीटर लांब बघायला लावतात.

बैठक सकाळी दहाच्या सुमारास, न्याहारीला तासभर उलटल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर. खुर्ची हातांची, चाकं नसलेली, पाठ भिंतीला. यंत्र आधी हातात दिलं. जत्रेतल्या बायोस्कोपची आठवण काढल्यावर आजींना डबा ओळखीचा वाटला. पहिल्या दिवशी पट्टा बांधला नाही. दुर्बिणीसारखा दोन्ही हातांनी धरायला लावला, म्हणजे नको वाटलं की त्याच खाली ठेवतील. अर्धा मिनिट पुरे. पुढे दोन मिनिटं, मग पाच. दहाच्या वर कधीच नाही. पाचशे ग्रॅमच्या आसपासचं वजन म्हाताऱ्या मानेला कमी नसतं.

आवाज हेडफोनमधून न देता यंत्राच्या उघड्या स्पीकरवर, हळू. त्यांना काय दिसतंय ते शेजारच्या मोबाईलवर दिसायलाच हवं, नाहीतर “ते बघ” म्हटल्यावर सून काय बघणार? बसून वापरण्याची सेटिंग आधीच करावी आणि सूचना बंद ठेवाव्यात. जागेची हद्द दाखवणारी जाळी किंवा मेनू मध्येच उगवला की घबराट होते. खानापूरच्या पावसाळी हवेत भिंगांवर वाफ धरते, म्हणून पाच मिनिटं आधी यंत्र सुरू करून ठेवावं. कपाळाचं कुंकू आणि केसांचं तेल फोमला लागतं, पुसता येणारं आवरण घालावं. आणि हेडसेट उन्हात कधीही ठेवू नये, भिंगातून ऊन पडून आतला पडदा जळतो.

काढताना आजींना डोळे मिटायला सांगायचं, खोलीतला उजेड मंद ठेवायचा आणि दहा मिनिटं उठू द्यायचं नाही. पडण्याचा खरा धोका त्याच वेळी असतो. मग चहा आणि गप्पा. सूनबाईंनी वहीत रोज चारच गोष्टी लिहिल्या: आधीचा मूड, नंतरचा मूड, संध्याकाळची चलबिचल, झोप. या उपचारावरचे बहुतेक अभ्यास थोड्या लोकांवरचे आहेत. स्मरणशक्ती परत येते असं आम्ही कुणालाच सांगत नाही. सहा बैठकांनंतर वही बघायची, फरक नसेल तर थांबायचं.

आजींच्या वहीत बैठकीच्या दिवसाची संध्याकाळ शांत दिसली, बाकीचे दिवस पूर्वीसारखेच. अंगणातली मुलं कमी झाली, पण त्याचं श्रेय आम्ही ऑपरेशनला आणि दिव्यांना देतो. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी घरातले सगळे दिवे लावायचे, पांढऱ्या भातासाठी गडद ताट, पायरीच्या कडेला पिवळी पट्टी, एवढंच बदललं होतं. मुलं दिसलीच तर वाद नाही घालायचा. दिवा वाढवायचा, डोळे उघडझाप करायला सांगायचे.

एखादी रात्र अवघड गेली तर टेलि मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो. दिवसा असेल तर वृद्धांसाठीची हेल्पलाइन 14567. बोलताना मराठी हवी की कन्नड, ते आधीच सांगा.

ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी चित्राचा हट्ट नको. रहाटाचा आवाज, हातात ओलं जोंधळ्याचं कणीस, शेजारी बसलेलं घरचं माणूस. आजीही काही दिवस डबा नको म्हणतात, “बेड” म्हणून हात मागे घेतात. त्या दिवशी सून मोबाईलवर नुसता विहिरीचा आवाज लावते. परवा तो ऐकताना आजींनी कन्नडमध्ये विचारलं, यंदा पाणी किती पायऱ्यांवर आहे? सुनेने माहेरी फोन लावून विचारलं आणि त्यांना सांगितलं, सातव्या.